तीनदाकाकांचा उतार

माझं दुकान रस्त्याच्या अगदी टोकाला आहे. डांबर संपतं तिथे माझी पायरी, आणि पायरीपासून वीसेक पावलांवर डोंगरातली पायवाट सुरू होते. म्हणून तर इथे दुकान थाटलं. वर जाणारा हवा भरायला थांबतो, खाली येणारा मोडलेली सायकल घेऊन येतो, दोन्हीकडून काम माझ्याकडेच. मी गिऱ्हाइकांशी गोड बोलत नाही अशी माझी ख्याती आहे. दोन्ही हात साखळीत गुंतलेले आणि दातांत पाना, अशा माणसाने गोड बोलायचं तरी कसं? आई म्हणते, "बापासारखं तोंडात लोखंड धरू नकोस." लहानपणापासून ऐकत आले आहे मी हे. त्यातलं "बापासारखं" नेहमी शिवीसारखं यायचं, एवढंच इथे सांगून ठेवते.

एका सकाळी तीनदाकाका दुकानात आले. दारात थांबले.

"आत येऊ?"

"या आत."

"येतो," म्हणाले आणि मग पाऊल टाकलं.

इकडचं तिकडचं बोलायची त्यांना सवय नाही. भिंतीला टेकवलेल्या सायकलींकडे बघत म्हणाले, "मला डोंगरात जायचंय."

"मग जा की. डोंगर काय पळून चाललाय?"

"गुडघे नको म्हणतात. ती मोटरवाली आहे ना तुझ्याकडे, ती शिकव मला."

सदुसष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघ्यांवर पट्टे, आणि मागतोय काय तर इलेक्ट्रिक माउंटन बाइक. मी कपाळाला हात लावला. "काका, ही काही बागेत फिरायची सायकल नाही. वाटेत दगड आहेत, मुळं आहेत. पडलात तर काकू माझी पूजा बांधतील."

"पडणार नाही. तू सांगशील तेव्हाच हलेन."

हे मात्र खरं होतं. कोणी सांगितल्याशिवाय तो माणूस हललेला मी कधी पाहिला नाही.

त्यांचं सगळं आयुष्य लिफ्टच्या दुरुस्तीत गेलं. त्या कामात दोघांची जोडी असते. एक जण इमारतीच्या माथ्यावर, मशीनच्या खोलीत बटणापाशी. दुसरा खाली शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ये-जा करते त्या उभ्या पोकळीत, लिफ्टच्या टपावर उभा. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मशीनखालच्या जमिनीत दोर जायला भोकं असतात, त्यांतून फक्त आवाज जातो. बटणवाला विचारतो, "खाली घेऊ?" टपावरचा सांगतो, "घे खाली." बटणवाला पुन्हा म्हणतो, "खाली घेतो," आणि मगच बटण दाबतो. एक गोष्ट तीनदा बोलायची आणि मग करायची. बाकीचे लोक ही शिस्त कामापुरती पाळत. काकांच्या ती हाडात मुरली. "दिवा मालवू?" "मालवा." "मालवतो." काकू हसून सांगतात, "लग्न झालं तेव्हा वाटलं, किती प्रेमळ माणूस, सगळं विचारून करतो. वर्षभराने कळलं की मी लिफ्टच्या टपावर उभी आहे." तेव्हापासून गल्लीत त्यांचं नाव तीनदा पडलं ते पडलंच.

खऱ्या टपावर मात्र अकरा वर्षं माझे बाबा उभे असायचे. मी नऊ वर्षांची असताना एका दुपारी लिफ्ट खाली निघाली, तेव्हा बाबांचा एक पाय टपावर होता आणि दुसरा भिंतीत ठोकलेल्या लोखंडी आधारावर. ते मधल्या फटीतून खाली गेले. कंपनीने चौकशी केली आणि घरी एक पत्र आलं. पाय आत घेण्यापूर्वीच मृताने स्वतः इशारा दिला, असं त्यात लिहिलं होतं. इशारा ऐकणारा एकच साक्षीदार होता, तीनदाकाका. आणि त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? ज्या माणसाने विचारल्याशिवाय दिवा मालवला नाही, तो विचारल्याशिवाय लिफ्ट हलवील?

आईने ते पत्र कपाटात ठेवलं आणि बाबांचा फोटोही त्याच कपाटात ठेवला. भिंतीवर तो कधी लागला नाही. पण भांडण थांबलं नाही. रोज सकाळी चुलीपाशी उभी राहून ती त्यांना झापते. "अहो, आधी पाय आत घ्यायचा ना. हो म्हणायची एवढी कसली घाई होती तुम्हाला?" आधी मला भीती वाटायची, मग लाज वाटायची, मग सवय झाली. सव्वीस वर्षं आमच्या घराची सकाळ या वाक्याने उजाडली.

काका मात्र आम्हाला विसरले नाहीत. नळ गळतोय, दार अडकतंय, काका हजर. माझी पहिली सायकल त्यांनीच भंगारातून उभी केली, पहिला पाना त्यांनीच माझ्या हातात दिला. बाप नाही म्हणून मी कधी रडले नाही, याचं निम्मं श्रेय त्यांना होतं. त्यांना सायकल शिकवायला मी का तयार झाले, हे आता वेगळं सांगायला नको.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत सुरुवात केली. सीट खाली केली, टायरमधली हवा थोडी कमी केली, म्हणजे दगडावर पकड राहते. हँडलजवळचं बटण दाखवलं. मोटर किती मदत करणार ते त्यावर ठरतं. अगदी थोडी, मध्यम किंवा भरपूर. "निघताना थोडीवर ठेवायचं," मी बजावलं. मग मी हातपंप आणायला आत गेले आणि बाहेर धडाम आवाज झाला. काका कुंपणाच्या झुडपात बसले होते, सायकल त्यांच्या मांडीवर. बटण भरपूरवर होतं आणि गृहस्थांनी सहज एक पाय पायडलवर टेकवला होता.

"मी तिला निघ म्हटलं नव्हतं," ते म्हणाले.

"तिला म्हणावं लागत नाही काका. पायाचं वजन लागलं की ती होच समजते."

मी हसत होते. ते हसले नाहीत. झुडपात बसूनच दोनदा म्हणाले, "हो समजते. हो समजते." मला वाटलं, नियम पाठ करतायत.

दुसऱ्या दिवशी पायवाटेच्या पहिल्या चढावर नेलं. मोटरवाली सायकल पहिल्यांदा चढाला लागते तेव्हा जो तो हसतो, मी आजवर कित्येकांना पाहिलंय. फुकटचं बळ मिळाल्यासारखं वाटतं. काकांनी मात्र वीस पावलांवर ब्रेक दाबला आणि मागे वळून पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता.

"कोण आहे मागे?"

"मी आहे. पण मी लांब आहे. काय झालं?"

"कोणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय."

"मोटर आहे ती."

"असेल," ते म्हणाले. पण त्या दिवशी चढावर ते तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा मागे पाहिलं. त्यांच्या पाठीकडे बघताना माझ्याही अंगावर काटा आला, आणि स्वतःचा राग आला. डोंगरात उन्हं होती, पाखरं ओरडत होती, घाबरायचं काही कारण नव्हतं.

चढ त्यांना पटकन जमला. गियर आधीच हलका करायचा, बॅटरी निम्मी उरली की परत फिरायचं, सगळं एकदा सांगितलं की डोक्यात पक्कं. अडचण उताराची. मी शिकवलं की पायडल समपातळीत, ढुंगण सीटच्या मागे, दोन्ही ब्रेकवर एकेक बोट आणि नजर पुढच्या चाकावर नाही, वाट जिथे वळते तिथे. मग मी आधी उतरून खाली थांबले. वरून हाक आली.

"खाली घेऊ?"

मला हसूच आलं. "घ्या खाली."

"खाली घेतो." आणि आले, थरथरत, पण न पडता.

पुढे प्रत्येक उतारावर हेच. चार हातांची घसरण असली तरी विचारायचं. एकदा मी फोनवर कोणाशी तरी हुज्जत घालत होते, त्यांची हाक आली ती कानाआड गेली. दहा मिनिटांनी वर पाहिलं तर काका तिथेच, दोन्ही ब्रेक दाबून, उन्हात घामाघूम. एकटं असलं तर हा माणूस जन्मात डोंगर उतरणार नाही, असं मी आईला त्या दिवशी थट्टेने सांगितलं. आई हसली नाही. म्हणाली, "तसं तुझ्या बापाने केलं असतं तर आज घरी असता."

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "ती वरची घळ अजून आहे का?"

"डोंगरातली घळ कुठे जाणार काका?"

"इमारती जातात," ते म्हणाले. मग कळलं की बाबा जिथे गेले ती इमारत वर्षापूर्वी पाडली. काका बघून आले होते. तिथे आता सपाट जागा आहे आणि गाड्या उभ्या राहतात. घळीत ते आणि बाबा सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन यायचे, हेही त्याच दिवशी पहिल्यांदा कळलं. बाबा तिथे ओरडले होते म्हणे, "अरे, हा तर आपला शाफ्ट. छप्पर तेवढं काढलंय."

घळ म्हणजे कड्याला पडलेली चीर. दोन माणसांना शेजारी चालता येणार नाही इतकी अरुंद, आणि तीन मजले उंच. वाट त्यातून जाते आणि पलीकडच्या तोंडातून एकदम खाली कोसळते, शंभरेक पावलांचा सुट्या दगडांचा उतार. आम्ही पोचलो तेव्हा काकांनी सायकल सोडली आणि दोन्ही हात पसरून दोन्ही भिंती चाचपल्या. "एवढाच होता," म्हणाले. "तू हो पुढे."

मी उतरून तळाशी थांबले. तिथून वर काही दिसत नाही, घळीचं काळं तोंड तेवढं दिसतं. हाक आली. मी उत्तर दिलं. पण ते आले नाहीत. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. पाच वेळा झालं, तेव्हा कुठे स्वारी आली.

"किती वेळा उत्तर दिलंस?"

"पाच वेळा. घसा बसला माझा."

"मी सहा ऐकले."

"घळ आहे, आवाज घुमतो."

"सहावा तुझा नव्हता," काका म्हणाले, आणि बाटली उघडून पाणी प्यायले. बाटली दातांवर वाजत होती.

त्यानंतर त्यांना दुसरी वाटच नको झाली. रोज घळ. माझी चिडचिड व्हायची, पण खरं सांगायचं तर मला तिथे भीती वाटायला लागली होती. तळाशी उभी राहिले की वरून काकांचा आवाज यायचा, आणि दोन हाकांच्या मध्ये जी शांतता असायची तिच्यात कोणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. हे मी कोणाला बोलले नाही. पाना दातांत धरणाऱ्या बाईने असं बोलून चालत नाही.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी दुकानात दोन मोडक्या सायकली एकदम आल्या. काका म्हणाले, "मी पुढे होतो, तू ये." मी तासाभराने वर गेले. काका घळीत खाली बसले होते, पाठ एका भिंतीला, पाय दुसरीला. सायकल नीट उभी, दिव्याचं बटण चालू, बॅटरी फुकट जळतेय. मी ते बंद करायला हात पुढे केला.

"बस जरा," ते म्हणाले. हँडलला लावलेल्या छोट्या पिशवीतून त्यांनी काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. "ओळखतेस?"

बोटाएवढी, पोलादी टॉर्च. मागच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली. बाबा टॉर्च दातांत धरून काम करायचे, लोखंड दातांना लागू नये म्हणून ही टेप. ती गुंडाळताना टोक धरायचं काम माझं असायचं. टेपवर दातांच्या खुणा होत्या.

"बाबांची आहे. ही हरवली होती. त्यांच्या सामानात आली नाही."

"हरवली नव्हती. मी काढून घेतली."

"कुठून?"

"त्याच्या दातांतून. खाली पहिला मी पोचलो."

मला लगेच उमगलं नाही. टॉर्चसाठी एवढं काय, असंच वाटलं. काका माझ्याकडे बघत थांबले होते, नेहमीसारखे, माझ्या उत्तरासाठी. मग मी टॉर्चकडे पाहिलं. दातांत टॉर्च घट्ट धरलेला माणूस "घे खाली" म्हणू शकत नाही. काहीच म्हणू शकत नाही. माझ्याइतकं हे कोणाला माहीत असणार?

"ते हो म्हणालेच नव्हते," मी म्हटलं.

"मी ऐकलं होतं, पोरी. शपथेवर सांगतो, ऐकलं होतं. अकरा वर्षं रोज ऐकत होतो. मी विचारायचं आणि ते यायचं, कधी चुकलं नाही. त्या दिवशीही आलं. मी पुन्हा म्हणालो, खाली घेतो, आणि दाबलं. मग खाली जाऊन पाहतो तर तोंडात टॉर्च."

"आणि तुम्ही ती खिशात घातलीत."

"घातली."

"आणि चौकशीत सांगितलंत, तो स्वतः हो म्हणाला."

"सांगितलं. ऐकलं होतं तेच सांगितलं. टॉर्चचं नाही सांगितलं."

सव्वीस वर्षं. आमच्या घरी यायचे, नळ दुरुस्त करायचे, चुलीपाशी आई बाबांना झापत असायची आणि हे शेजारी बसून ऐकायचे. ताकास तूर लागू दिली नाही. माझ्या डोक्यात असा संताप उसळला की त्यांना तिथल्या तिथे ढकलून द्यावंसं वाटलं. ज्यांनी मला पाना धरायला शिकवला, त्यांना. आणि त्याच वेळी त्यांचे गुडघ्यांचे पट्टे दिसत होते आणि रडू येत होतं, त्याचाही संताप येत होता.

"मग रोज इथे कशाला येताय?" मी ओरडले. घळीने ते पुन्हा म्हटलं.

"ती इमारत होती तोवर वाटायचं, कधीतरी तिथे जाऊन विचारून बघावं. कदाचित त्या भिंतीच बोलत असतील. भिंतीच बोलल्या असत्या तर..."

"तर तुम्ही सुटलात. बाबाही सुटले. छान सोय."

"हो," काका म्हणाले. "पण ह्या भिंती नुसता माझा शब्द परत देतात. आणि उत्तर तर मला ऐकू येतं. ते कोणाचं, तेवढं कळत नाही."

मी पुढे काही ऐकलं नाही. सायकलवर बसले आणि घळीच्या तोंडातून बाहेर पडले. त्यांना तिथेच ठेवायचं होतं मला. उत्तराशिवाय हा माणूस उतरत नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी निघाले. शंभर पावलं दगडांवरून कशी उतरले ते आठवत नाही. तळाशी पोचून ब्रेक दाबले, एक पाय खाली टेकला आणि तशीच उभी राहिले.

वरून हाक आली.

"खाली घेऊ?"

मी उत्तर दिलं नाही. मनात म्हटलं, राहू दे उभा. वारा नव्हता. एक पानही हलत नव्हतं. मी मोजत नव्हते, पण पाच-सात श्वास गेले असतील. आणि मग घळीतून आवाज आला, शांत, नेहमीचा, शाफ्टच्या माथ्यावरून यावा तसा.

"खाली घेतो."

काका घळीतून बाहेर आले. पायडल समपातळीत, अंग मागे, दोन्ही ब्रेकवर एकेक बोट, नजर लांब. पाच आठवड्यांत ते असे कधी उतरले नव्हते. दगड चाकांखालून सुटत होते आणि ते डुलत सुद्धा नव्हते. माझ्यापासून दोन हातांवर येऊन थांबले. चेहरा निवळलेला होता. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की बाबांची टॉर्च माझ्या दातांत आहे. उतारावर दोन्ही हात ब्रेकला लागतात, म्हणून निघताना मी ती सवयीने दातांत धरली होती. टेपवरच्या जुन्या खुणांमध्ये माझे दात बसले होते.

मी ती काढली. काढायला वेळ लागला, जबडा आखडला होता.

"तू म्हणालीस ना, घ्या खाली?" काकांनी विचारलं. पण विचारताना ते माझ्याकडे नाही, टॉर्चकडे बघत होते.

"नाही काका. मी काहीच म्हटलं नाही."

त्यांनी मान हलवली. मोटर बंद केली, सायकल हळूच आडवी ठेवली आणि दगडावर बसले. "म्हणजे भिंती नाहीत," म्हणाले. "मीच." त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, आणि ते मी दिलं होतं, काही न बोलता. मी त्यांच्या शेजारी बसले नाही, पण निघूनही गेले नाही. शेवटी ते म्हणाले, "वहिनींना मी सांगू?"

"आज मी सांगते. तुम्ही उद्या सकाळी या."

"उद्या येतो," म्हणाले. तिथून दुकानापर्यंत त्यांनी सायकल ढकलत आणली. बसले नाहीत.

संध्याकाळी मी टॉर्च आईसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती काकांना शिव्या देईल. तिने टॉर्च उचलली, टेपवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "म्हणजे हे काहीच म्हणाले नव्हते?"

"नाही."

"आणि मी रोज..." एवढंच बोलली. मग ओट्यावरची धुतलेली भांडी तिने पुन्हा धुवायला घेतली. सगळी. मी मदतीला गेले तर कोपराने बाजूला केलं.

सकाळी जाग आली तेव्हा घरात काहीतरी चुकतंय असं वाटलं. चहाचं भांडं वाजत होतं, चूल पेटली होती, पण आई कोणाला झापत नव्हती. एवढी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. भिंतीवर खिळा ठोकलेला होता आणि बाबा तिथे होते, कपाटात राहून जरा पिवळे पडलेले. आई त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. मला वाटतं तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

पायऱ्यांवर पावलं वाजली. दार उघडंच होतं. काका उंबऱ्याच्या बाहेर थांबले, हातात काही नाही, गुडघ्यांना पट्टे. त्यांनी फोटो पाहिला. मग खाली पाहिलं.

"आत येऊ, वहिनी?"

चहा उकळून वर आला, आईने चूल बारीक केली. मी मध्ये काही बोलले नाही, हा प्रश्न मला विचारलेला नव्हता. काका उभे होते. गुडघे दुखत असणार, पण चौकटीलाही हात लावला नाही. दहा मिनिटं झाली असतील, जास्तही असतील. आईने पदराने डोळे पुसले, फोटोकडे एकदा पाहिलं, आणि दाराकडे वळून म्हणाली, "या आत."

स्पष्ट म्हणाली. शेजारच्या घरात ऐकू जाईल इतकं स्पष्ट.

काका हलले नाहीत. त्यांचे ओठ हलले, "येतो" म्हणायला असतील, पण शब्द बाहेर आला नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू, आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "म्हणाल्या का गं त्या?"

"म्हणाली, काका," मी म्हटलं. "मीही ऐकलं."